बकुळीच्या पाकळ्या आणि चिताऱ्यांची नावे

मराठी दागिन्यांची नुसती नावे घेतली तरी एक बाग डोळ्यांपुढे येते. चाफेकळी, बकुळहार, बोरमाळ, जोंधळी पोत, जवमणी. कोल्हापुरी साजातले कारले आणि बेलपान. आमच्या हुपरीत काम चांदीचे. पैंजण, तोरड्या, वाळे, जोडवी, करदोडे. पण नक्षी याच बागेतली. चाळीस वर्षे मी ठसे कोरतो आहे. आमच्या धंद्यात बकुळीचे फूल म्हणजे मधे भोक असलेली एक चकती आणि कडेने दाते. दाते किती, हे ठसा कोरणाऱ्याच्या हातावर आणि चांदीच्या पत्र्याच्या जाडीवर ठरते. कुणी बारा काढतो, कुणी सोळा. गिऱ्हाईक मोजत नाही.

खऱ्या बकुळीचे गणित मात्र ठरलेले आहे. बाहेरची निदले आठ, चार-चारच्या दोन फेऱ्यांत. पाकळ्या आठ, आणि प्रत्येक पाकळीच्या पाठीला तिच्यासारखीच दोन उपांगे. म्हणून फूल पाहताना चोवीस पाकळ्या असल्याचा भास होतो. आत आठ पुंकेसर आणि त्यांच्यामध्ये आठ वांझ केसर. हे मला झाडाने शिकवले नाही, एका चित्राने शिकवले. कोल्हापुरातल्या एका वैद्यघराण्याकडे कीर्तिकर आणि बसू यांच्या ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ या ग्रंथाची चित्रे पाहायला मिळाली, त्यात फुलाचे एकेक अंग सुटे करून मांडण्याची रीत पहिल्यांदा दिसली. ठसा कोरणाऱ्या माणसाला चित्र पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे, हा हात कुणाचा? त्या प्रश्नामागे मी गेली बावीस वर्षे फिरतो आहे. दागिने घेऊन सेलमला जाण्याच्या निमित्ताने मद्रास, तंजावर झाले. बाकीचे वाचन रात्री, कारखाना बंद झाल्यावर.

या वाचनातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती या लेखात मांडायची आहे. कोचीन, मद्रास, शिमोगा आणि पुण्याजवळचे दापुरी या चार ठिकाणी वेगवेगळ्या काळी देशी झाडांची चित्रे झाली. काढणारे वेगवेगळ्या मुलखांतले, वेगवेगळ्या भाषांचे. ती माणसे एकमेकांना भेटल्याची नोंद क्वचितच सापडते; त्यांची चित्रे मात्र भेटली. यातल्या काही चिताऱ्यांची नावे आज जगाला ठाऊक आहेत आणि काहींची नाहीत. ज्यांची नाहीत त्यांत आपल्या बाजूचे दोघे आहेत. एक मराठा, एक पोर्तुगीज हद्दीतल्या समाजातला. त्यांचा हात कमी होता म्हणून नाव गेले असे नाही. त्यांची चित्रे छापली गेली नाहीत, म्हणून गेले.

सुरुवात कोचीनपासून करावी लागते. तिथला डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारातल्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यात सुमारे साडेसातशे वनस्पती आहेत. मुख्य माहिती दिली ती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने. त्याच्याबरोबर काम केले ते रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांनी. त्यांची घराणी गोव्यातून दक्षिणेकडे गेलेली. या तिघांनी २० एप्रिल १६७५ रोजी दिलेला दाखला पहिल्या खंडात छापला आहे, आणि तो नागरी लिपीत आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्याच महिन्यात फोंड्याच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडलेला होता. तिकडे लढाई चालू असताना गोव्याचीच माणसे कोचीनला बसून झाडांची नावे सांगत होती! ग्रंथातली नावे मल्याळी आहेत, अरबी आहेत आणि कोकणीही आहेत.

पहिल्याच खंडात एकोणिसावे चित्र ‘चंपकम’चे आहे, म्हणजे आपला सोनचाफा. विसावे ‘एलेंगी’चे, म्हणजे बकुळ. दागिन्यांच्या पेढीवर शेजारी टांगलेली फुले तिथेही शेजारीच निघावीत याची मला मोठी गंमत वाटली. त्याच खंडात थोडे पुढे ‘कोडग-पाला’ आहे, तो आपला पांढरा कुडा. राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्याने उन्हाळ्यात जाणाऱ्याला तो वेगळा दाखवावा लागत नाही. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली तेव्हा मलबारच्या अनेक झाडांचा वाळवलेला नमुना त्याच्यापाशी नव्हता. ऱ्हेडेच्या ग्रंथातले वर्णन आणि चित्र एवढाच आधार. म्हणून चाफ्याच्या नावात ‘चंपाका’ आले आणि बकुळीच्या नावात ‘एलेंगी’ आले, ते आजतागायत आहे. चित्राची किंमत यावरून समजावी. ते शोभेसाठी नव्हते, पुराव्याचा कागद होते.

कोचीनच्या चित्रकारांपैकी मार्सेलिस स्प्लिंटर आणि अँटोनी गोटकिंट ही दोन डच नावे राहिली. वैद्यांची नावे राहिली, कारण दाखल्याखाली सह्या होत्या आणि दाखला छापला गेला.

आता दीडशे वर्षे पुढे, मद्रासेला. रॉबर्ट वाइट हा कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर. त्याने ‘आयकोनेस प्लांटारुम इंडिए ओरिएंटालिस’ या मालेत १८३८ ते १८५३ या काळात २१०१ चित्रे छापली. मालेचे सहा खंड झाले. चित्रे काढली मुख्यत्वे रंगय्या आणि गोविंदू या दोघा तेलुगू चिताऱ्यांनी. आधी रंगय्या, जवळपास वीस वर्षे, नंतर गोविंदू. त्यांची परंपरा तंजावरकडची मानली जाते. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांचे राज्य आठवणार, आणि ते इथे अप्रस्तुत नाही. सरफोजीराजे दुसरे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांना युरोपीय शास्त्रांची विलक्षण ओढ. पक्षी, प्राणी, वनस्पती यांची चित्रे त्यांनी दरबारच्या चिताऱ्यांकडून करवून घेतली. देवादिकांच्या तसबिरींना सोनेरी वर्ख लावणारे हात पिसाचा एकेक केस मोजून काढायला त्या दरबारात बसले. मराठी राजा, तेलुगू चितारी, तमिळ मुलूख. दक्षिणेत पुढे वनस्पतींच्या चित्रांना जो बहर आला त्याला या हवेचा आधार असला पाहिजे, असे माझे मत आहे.

हे काम म्हणजे नेमके काय, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण फूल काढता येणारा प्रत्येक जण हे करू शकत नाही. नक्षीकाराला सवय असते ती फूल सुधारायची. वाकडी पाकळी आम्ही सरळ करतो, डावीकडे एक पान असले तर उजवीकडे त्याचा जोड बसवतो, रिकामी जागा वेलाने भरतो. वनस्पतीच्या चित्रात हे एकही चालत नाही. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे जसेच्या तसे आले पाहिजे. एखादे पान मुद्दाम उलटे वळवून दाखवायचे, म्हणजे पाठीवरची लव आणि शिरा दिसतील. मग खाली सुटे भाग: कळी, उमललेले फूल, उभे चिरलेले फूल, आडवा कापलेला बीजकोश, बी. यातले पुष्कळसे भिंगाखाली पाहून काढायचे. झाड कोमेजायच्या आत रंग पकडायचा, नाहीतर दुपारपर्यंत पांढऱ्याचा तपकिरी होतो. बकुळीचे तर ठाऊकच आहे. मी स्वतः एकदा कागद घेऊन बसलो होतो. तीन तासांत सात फुले वाया गेली आणि आठव्याचे केसर मोजून झाले. रंगय्या आणि गोविंदू यांनी हे शेकड्यांनी केले.

जुन्या सवयी मात्र पूर्ण सुटत नाहीत, आणि सुटल्या नाहीत हे बरेच झाले. या काळातल्या हिंदी चिताऱ्यांच्या कागदांवर फांदी कागदभर अशी पसरते की जणू वाड्याच्या भिंतीवरचा वेल. युरोपातला चित्रकार कागदाच्या मध्यावर एक डहाळी ठेवून बाजूला पांढरे सोडतो. आपल्या माणसाला रिकामा कोपरा बघवत नाही. मला तो ठसे कोरणाऱ्याचाच स्वभाव वाटतो.

वाइटची चित्रे मद्रासेत शिळाप्रेसवर छापली गेली आणि छापताना चित्राखाली चिताऱ्याचे नाव घालण्याची रीत पाळली गेली. वाइट तेवढ्यावर थांबला नाही. त्याने एका ऑर्किडच्या प्रजातीला ‘गोविंदुइया’ असे नाव दिले. आज ती वनस्पती ट्रोपिडिया या प्रजातीत धरतात, म्हणजे नाव व्यवहारातून गेले. पण एका हिंदी चिताऱ्याच्या नावाने प्रजाती, तीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, ही लहान गोष्ट नव्हे. याच्याशेजारी मुंबई इलाख्यातले उदाहरण ठेवून पाहावे. शिवनेरी-जुन्नरच्या कड्यांवर सापडणारी, आपण जिला शिंदळ माकुडी किंवा शिवसुमन म्हणतो, ती दुर्मिळ वनस्पती डालझेलने १८६० च्या दशकात शास्त्राला कळवली आणि तिला नाव दिले ‘फ्रेरिया’. कशावरून, तर गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून.

आता आपल्या बाजूचे दोघे. ह्यू क्लेगहॉर्न हा मद्रासेत जन्मलेला स्कॉटिश डॉक्टर १८४५ च्या सुमारास म्हैसूर संस्थानात शिमोग्याला होता. रोज एक झाड घ्यावे आणि पाव तास त्याचा अभ्यास करावा, हा सर विल्यम हूकर यांचा उपदेश त्याने पाळायचे ठरवले, आणि त्या झाडाचे चित्र काढायला एक मराठा चितारी ठेवला. हे काम १८४७ पर्यंत चालले. शिमोगा आमच्या हुपरीहून दक्षिणेला, पण जंगल तेच सह्याद्रीचे. नाणा, किंजळ, हिरडा, कुडा. त्या चिताऱ्याला ही झाडे परकी नव्हती. कानडी मुलखात, इंग्रजी बोलणाऱ्या साहेबापुढे बसून तो रोज एक झाड काढत होता. पेशवाई बुडून तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. वाड्यांच्या भिंती रंगवण्याची, पोथ्यांत चित्रे घालण्याची कामे आटली होती. अशा काळात मराठा चितारी शिमोग्यापर्यंत कामासाठी जाणे मला स्वाभाविक वाटते. हुपरीचा माणूस चांदी घेऊन सेलमला जातो, त्यातलेच ते.

दुसरे ठिकाण दापुरी, म्हणजे पुणे-लोणावळा लोकलवरचे आजचे दापोडी. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८२८ मध्ये सरकारने तिथला कॅप्टन फोर्डचा बंगला पावसाळी मुक्कामासाठी घेतला आणि आवारात वनस्पतींची बाग झाली. १८३८ पासून ही बाग अलेक्झांडर गिब्सनकडे होती. हाही स्कॉटिश डॉक्टर. त्याआधी देवी टोचण्याच्या कामासाठी दख्खन आणि खानदेशात फिरलेला, मराठी जाणणारा. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा जंगल-संरक्षक झाला. त्याच वर्षापासून १८५० पर्यंत त्याने बागेतल्या झाडांची चित्रे करवून घेतली. आज त्यातली १७१ उरली आहेत. चितारी पोर्तुगीज-हिंदी समाजातला होता, एवढे नमूद आहे. कोचीनला झाडांची नावे सांगणारे गोव्याकडचे, दापुरीला झाडे रंगवणाराही बहुधा त्याच बाजूचा.

शिमोग्याचे काम संपले आणि दापुरीचे सुरू झाले ते एकाच साली. दोन्ही साहेब डॉक्टर, दोघेही जंगलतोडीने अस्वस्थ झालेले, दोघेही पुढे-मागे आपापल्या इलाख्यात जंगलखात्याचे पहिले अधिकारी. गिब्सन मुंबईत, क्लेगहॉर्न १८५६ मध्ये मद्रासेत. दोघांनाही एकच गोष्ट कळली होती: जे झाड तोडू नका म्हणून सांगायचे ते आधी ओळखता आले पाहिजे, आणि ओळखायला चित्र लागते.

मग नावे का नाहीत? क्लेगहॉर्नची शिमोग्याची चित्रे त्याच्या खाजगी संग्रहात राहिली. गिब्सनने डालझेलच्या साथीने १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ छापला, भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात. आपल्या मुलखाच्या वनस्पतींचा तो पाया घालणारा ग्रंथ. त्यात एकही चित्र नाही! दापुरीची रंगवलेली फुले तयार असताना ग्रंथ नुसत्या अक्षरांचा निघाला. चित्रे छापणे महाग पडते हे खरे. पण मद्रासेत तेच काम शिळाप्रेसवर, बिनरंगी, स्वस्तात झाले होते. छापले असते तर खाली दोन शब्द आले असते, आणि ते दोन शब्द म्हणजे त्या माणसाचे नाव असते. दापुरीची बागही पुढे १८६५ मध्ये बंद झाली.

कुणी म्हणेल, छापले नाही तरी नाव राहू शकते. पुण्याचे गंगाराम तांबट हे त्याचे उदाहरण. बरोबर आहे. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने १७९० नंतर जेम्स वेल्स या चित्रकाराच्या मदतीने पुण्यात हिंदी चिताऱ्यांना शिकवण्याची सोय केली होती. त्यातले गंगाराम हे सर्वांत तयार. वेरूळच्या लेण्यांची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्यांनी काढला. आडनावावरून घराणे धातूकामाचे, म्हणून माझा त्यांच्यावर अंमळ जास्त जीव. त्यांचे नाव राहिले, कारण चित्रांवर आणि साहेबांच्या कागदपत्रांत ते लिहिले गेले. म्हणजे छापखाना नसेल तर निदान लिहून ठेवणारा हवा. शिमोग्याला आणि दापुरीला तोही निघाला नाही.

या सगळ्या चित्रांचा पुढचा प्रवास पाहिला की आश्चर्य वाटते. रंगय्या-गोविंदूंची मूळ चित्रे, क्लेगहॉर्नच्या मराठा चिताऱ्याचे कागद, मद्रासच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी क्लेगहॉर्नसाठी युरोपीय ग्रंथांवरून उतरवलेल्या नकला आणि दापुरीची १७१ चित्रे, ही सारी आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. गोविंदूने पुढे क्लेगहॉर्नसाठीही काम केले. त्यामुळे त्याचे कागद आणि शिमोग्याच्या मराठ्याचे कागद एकाच संग्रहात आले. तेलुगू, मराठा आणि पोर्तुगीज-हिंदी, तिघे एका छताखाली. हेन्री नोल्टी या तिथल्या अभ्यासकाने अनेक वर्षे खपून या संग्रहांवर ग्रंथ लिहिले, दापुरीवर २००२ मध्ये आणि क्लेगहॉर्नवर २०१६ मध्ये. हे आपल्यापैकी कुणी करायला हवे होते असे मनात येते. पण त्याने केले म्हणून मला हुपरीत बसून वाचता आले, हेही तितकेच खरे.

मद्रासची चित्रे मात्र फिरत राहिली. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मुंबईचे मराठी डॉक्टर, सरकारी वैद्यकीय सेवेतले. बामनदास बसू यांच्याबरोबर त्यांनी औषधी वनस्पतींचा जो ग्रंथ केला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये अलाहाबादच्या पाणिनी ऑफिसने प्रसिद्ध केला. चित्रे हजारावर. त्यातली अनेक जुन्या ग्रंथांवरून पुन्हा काढलेली आहेत, आणि वाइटची माला हा त्यांचा एक मोठा आधार. १९३० च्या दशकात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या संपादकांत ब्लाटर, काईयस यांच्याबरोबर म्हसकर हे मराठी नाव आहे. वैद्यांच्या कपाटात हा ग्रंथ असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. म्हणजे तेलुगू चिताऱ्याने मद्रासेत काढलेले झाड एका मराठी डॉक्टरच्या हातून कोल्हापूरच्या वैद्याकडे पोचले. आणि शिमोग्याच्या मराठा चिताऱ्याने काढलेले झाड स्कॉटलंडला जाऊन बसले.

हे सारे जुने झाले असे समजू नये. कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रा. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांनी २००२ मध्ये सिद्ध केला, शिवाजी विद्यापीठाने तो छापला. कंदीलपुष्पांवर तिथे झालेले काम देशभर मानले जाते. नवी जाती जाहीर करताना आजही छायाचित्राबरोबर शाईचे रेखाचित्र देतात. कारण कॅमेरा समोर आहे ते सगळे टिपतो, आणि रेखाचित्रात जे दाखवायचे तेवढेच ठेवता येते. मी अशी रेखाचित्रे मिळतील तिथून गोळा करतो. काढणाऱ्याचे नाव खाली आहे का, हे आधी पाहतो.

आमच्या पैंजणांवर शिक्का पेढीचा असतो, घडवणाऱ्याचा नसतो. त्याबद्दल इथे कुणी तक्रार करत नाही. धंद्याची रीत आहे. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या दोघांना महिन्याला काहीतरी पगार मिळत असणार, आणि पगार दिला की कुठेतरी लिहिला जातो. क्लेगहॉर्नचे कागद सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहेत. दापुरीची बाग सरकारी होती, तेव्हा तिचा खर्च मुंबई सरकारच्या दप्तरात शोधायला हवा. पुण्या-मुंबईच्या अभिलेखागारांत मोडी वाचणारी बरीच मंडळी बसतात, त्यांतली काही हा अंक वाचत असतील. १८४७ ते १८५० या सालांचे दापुरीचे काही हाती आले, तर माळ्यांच्या आणि बिगाऱ्यांच्या यादीत ‘चितारी’ किंवा ‘नकाशवाला’ असा शब्द दिसतो का, तेवढे पाहावे. मी मोडी शिकलो ते याचसाठी. लगीनसराईची कामे उरकली की येत्या पावसाळ्यात महिनाभर मुंबईला जाऊन बसणार आहे.